वीज आणि प्राण : व्यवसाय शिक्षणाच्या दोन वाटा



२००९ सालची गोष्ट आहे. आमच्या वस्तीत एका कार्यक्रमासाठी मंडप घातला होता. रोषणाईचे काम वस्तीतलाच बावीस वर्षांचा एक मुलगा करीत होता. तो कुठल्या शाळेत हे काम शिकला नव्हता. एका मंडपवाल्याच्या हाताखाली राहून, पाहून पाहून त्याने ते उचलले होते. संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. वायरीच्या एका जोडावरची पट्टी सुटली होती आणि त्याचा एक हात लोखंडी खांबावर होता. पाहता पाहता तो खाली कोसळला. त्याला ओढायला धावलेल्या दुसऱ्यालाही झटका बसला. मग कोणीतरी मेन स्विच बंद केला. कोणी तळपाय चोळू लागले, कोणी तोंडावर पाणी मारू लागले. जीप मिळवून तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

त्या गर्दीत मीही होतो. कला शाखेचा पदवीधर, बँकेत नुकताच चिकटलेला. माझ्यासारखे आणखी चार-पाच पदवीधर तेथे उभे होते. आम्हा सर्वांच्या पदव्या त्या संध्याकाळी त्या मुलाच्या काही उपयोगी पडल्या नाहीत. ज्या दोन विद्या उपयोगी पडल्या असत्या त्यांपैकी एकही आमच्यात कोणाकडे नव्हती. पहिली विद्या, वीज सुरक्षितपणे हाताळण्याची. दुसरी, डॉक्टर येईपर्यंत माणसाचा प्राण टिकवून धरण्याची. या दोन्ही विद्या दहावी-बारावीनंतर शिकता येतात. त्यांची माहिती पालकांना व्हावी, आणि या वाटेवर मी स्वतः केलेल्या दोन चुका इतरांनी करू नयेत, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

व्यवसाय शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण नव्हे

पहिली चूक अशी. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा दहावीला ५८ टक्के मिळवून पास झाला. तो म्हणाला, "काका, मला आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियन करायचंय." मी त्याला उत्तर दिले, "आपल्या घरात आता कुठे लेखणी आली आहे. पुन्हा पक्कड हातात घेतोस कशाला? बी.ए. कर, बँकेच्या परीक्षेला बस." माझ्या या उत्तरात ज्ञान नव्हते, केवळ खुर्चीचा अभिमान होता. सुदैवाने वहिनींनी माझे ऐकले नाही आणि मुलाने फॉर्म भरला.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हीच भावना असते. पिढ्यान्‌पिढ्या हाताने कष्ट केले, तेव्हा आता मुलांनी हाताने काम करू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माथी मारलेले काम आणि शिकून, परवाना घेऊन, स्वतःचा दर सांगून केलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते, हे आपण सर्व जाणतो. त्याच खात्याकडे वीज हा विषय होता आणि युद्धकाळातील तंत्रज्ञ प्रशिक्षणाची योजनाही होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. पुढे स्वतंत्र भारतात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील आय.टी.आय., याच योजनेखाली चालतात.

(अ) विद्युत तंत्रज्ञान

आय.टी.आय.मधील इलेक्ट्रिशियन हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी गणित व विज्ञान विषयांसह दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमन हा अभ्यासक्रमही दोन वर्षांचाच आहे, परंतु त्याला नियमाने आठवी उत्तीर्ण चालते. महाराष्ट्रात आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वीजकाम हे मुलींचे काम नव्हे, असा समज आता सोडून द्यावा. पॅनेल वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, उपकरणांची चाचणी ही कामे मुली उत्तम रीतीने करतात.

बारावीच्या पातळीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम अनेकांना आठवत असतील. त्यांत इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी हा विषय होता. या अभ्यासक्रमांचे नाव व स्वरूप पुढे बदलत गेले. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून न राहता प्रवेशाच्या वर्षी आपल्या जिल्ह्याच्या व्यवसाय शिक्षण कार्यालयात चौकशी करावी.

दोन वर्षांत मुलगा नेमके काय शिकतो? वायरीचे जोड देणे, घराची व कारखान्याची वायरिंग, अर्थिंग करणे व मोजणे, मेगर लावून वायरीचे इन्सुलेशन तपासणे, मोटार व स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, बॅटरी, सौर पॅनेल. पण या सर्वांच्या मुळाशी एक साधे गणित आहे, आणि ते प्रत्येक घराला समजले पाहिजे.

आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरतात. ओहमच्या नियमाप्रमाणे २३० ला १००० ने भागले की ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर एवढा प्रवाह येतो. छातीतून ५० ते १०० मिलिअँपियर प्रवाह गेला तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू शकते. आता घरातील एम.सी.बी. पाहा. दिव्यांच्या लाईनवर तो ६ अँपियरचा असतो, म्हणजे ६००० मिलिअँपियरचा. माणसाला मारायला पुरेसा असलेला प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. एम.सी.बी. वायर जळू देत नाही, घराला आग लागू देत नाही. पण माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते निमिषार्धात लाईन तोडते. त्या मंडपात ३० मिलिअँपियरचे असे एक उपकरण बसवलेले असते तर तो मुलगा बहुधा आज दोन मुलांचा बाप असता. पाहून शिकलेल्याला वायर जोडता येते. शिकून आलेल्याला ती जोडल्यावर काय होऊ शकते हेही कळते.

आय.टी.आय.ची परीक्षा पास झाली म्हणजे शिक्षण संपले असे समजू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाने एक वर्षाची ही उमेदवारी अवश्य करावी. त्या काळात विद्यावेतन मिळते, आणि मोठ्या यंत्रांवर हात बसतो तो तेथेच. त्यानंतर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना घ्यावा. पुढे पर्यवेक्षक व कंत्राटदार या पायऱ्या आहेत. दहावी आणि दोन वर्षांचा आय.टी.आय. झालेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही खुली असते.

कामाची वाण नाही. २०२४ साली केंद्र सरकारने पी.एम. सूर्यघर योजना आणली. तिचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे असून ३ किलोवॉटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. हे संच बसविणार कोण? माझा पुतण्या आज तेच काम करतो. मागच्या वर्षी त्याने माझ्या छपरावर संच बसवला. काम संपल्यावर त्याने मला अर्थिंगचे मोजमाप दाखविले आणि म्हणाला, "काका, पक्कड घेतली ते बरं झालं ना?" मी गप्प बसलो.

(आ) निमवैद्यकीय शिक्षण

दुसरी वाट निमवैद्यकीय, म्हणजे पॅरामेडिकल शिक्षणाची. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याशिवाय दवाखाना चालविणारी जी माणसे असतात ती या वर्गात मोडतात : रक्त-लघवी तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ आणि रुग्णवाहिकेवरील तातडीच्या सेवेचा तंत्रज्ञ. या शेवटच्यालाच खऱ्या अर्थाने पॅरामेडिक म्हणतात. आपल्याकडे मात्र हा शब्द सरसकट सर्वांना लावतात आणि त्यातून बरीच फसगत होते.

रुग्णवाहिकेवरचा हा पॅरामेडिक कसा घडला याचा इतिहास आपण अवश्य वाचावा असा आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी रुग्णाला पोलिसांच्या गाडीतून किंवा अंत्यविधी करणाऱ्यांच्या गाडीतून नेत असत. वाटेत उपचार असे काही नसे. पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर ही गाडीसुद्धा वेळेवर येत नसे. १९६७ साली तेथे फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सर्व्हिस सुरू झाली. हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे एक जनक डॉ. पीटर साफार यांनी प्रशिक्षण आखले आणि त्यासाठी निवडले ते त्याच वस्तीतील बेकार तरुण. काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. शेकडो तासांच्या प्रशिक्षणानंतर हीच मुले चालत्या गाडीत श्वासनलिकेत नळी घालू लागली, हृदयाचा आलेख पाहू लागली. अमेरिकेतील आद्य पॅरामेडिकांत त्यांची गणना होते.

पण गोष्टीचा उत्तरार्धही लक्षात ठेवला पाहिजे. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. त्यानंतर नव्या व्यवस्थेत या जुन्या जाणत्यांपैकी अनेकांना बाजूला पडावे लागले. यातून दोन धडे मिळतात. संधी आणि चांगले शिक्षण मिळाले तर वस्तीतला मुलगा कोणाहून कमी नसतो, हा पहिला. आणि कामाला प्रतिष्ठा आली की कागद विचारला जातो, तेव्हा कौशल्याबरोबर निर्विवाद कागदही हातात असला पाहिजे, हा दुसरा.

आपल्याकडे तो कागद विचारण्याचे दिवस आलेच आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ५६ व्यवसाय दहा गटांत बसविले आहेत. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली असावी, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी पदवी किमान ३६०० तासांची असावी, असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्रात त्याआधीच २०११ चा निमवैद्यक परिषद कायदा आहे. तेव्हा "सहा महिन्यांत पॅरामेडिकल डिप्लोमा, नोकरीची हमी" अशी पाटी दिसली की पालकांनी २००० हा आकडा आठवावा.

आता माझी दुसरी चूक सांगतो. माझी भाची बारावी कला शाखेतून झाली. तालुक्याच्या गावी एका संस्थेने "कोणतीही शाखा चालेल, एक वर्षात लॅब टेक्निशियन" म्हणून प्रवेश दिला. फी ६५,००० रुपये. मी कर्जाचा अर्ज भरून आमच्याच शाखेत ठेवला. व्यवस्थापकांनी संस्थेच्या मान्यतेचे पत्र मागितले. ते मिळाले नाही, अर्ज परत आला. मला वाटले, साहेब उगाच अडवतात. मी पतपेढीतून स्वतःच्या नावावर कर्ज काढून फी भरली. वर्ष संपले. प्रमाणपत्र मिळाले, त्यावर सोनेरी शिक्का होता. भाची ते घेऊन तीन दवाखान्यांत गेली. तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून सांगितले, "बाळ, याच्यावर कुठे नोंदणी होत नाही. आणि तुला सूक्ष्मदर्शक हाताळू दिलाय का कधी?" वर्षभरात तिच्या हाताला एकदाही सूक्ष्मदर्शक लागला नव्हता. जो माणूस दिवसभर इतरांच्या कागदांवरच्या सह्या ताडून पाहतो, त्याने आपल्याच घरचा कागद पाहिला नाही.

ज्यांना प्रयोगशाळा, एक्स-रे, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह अशा मान्यताप्राप्त शिक्षणाकडे जायचे आहे त्यांनी दहावीनंतर विज्ञान शाखा व जीवशास्त्र विषय घेणे हाच सरळ मार्ग. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. म्हणजे निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीच्या निकालाच्या दिवशी घ्यावा लागतो. कला शाखेच्या मुलींसाठी ए.एन.एम. हा दोन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम खुला असतो. त्याची मान्यता परिचर्या परिषदेकडे पाहावी. माझी भाची आता तोच करीत असून दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे एक वर्ष गेले ते गेलेच.

आणखी एक. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या होत्या. आपल्या राज्याने या गाड्यांवर डॉक्टर नेमण्याची पद्धत ठेवली. त्यामुळे "आमचा कोर्स करा, थेट १०८ वर नोकरी" असे सांगणाऱ्याकडे नेमणुकीचे नियम लेखी मागावेत.

दोन्ही विद्या जेथे भेटतात

विजेचा झटका बसलेल्या माणसापाशी या दोन वाटा एकत्र येतात. म्हणूनच इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार शिकवतात. आपण सर्वांनी निदान एवढे पाठ करावे :

१. प्रथम मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणूस व वायर वेगळी करा. उघड्या हाताने ओढू नका. डी.पी. किंवा उच्च दाबाची तार असेल तर जवळ जाऊच नका, महावितरणला कळवून लाईन बंद करवा.

२. हाक मारा, श्वास पाहा. प्रतिसाद नसेल, श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा.

३. माणसाला कठीण जागेवर उताणे निजवा. छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून दाबा. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. शिकलेला माणूस ३० दाबांनंतर २ श्वास देतो. न शिकलेल्याने नुसते दाबत राहिले तरी चालते. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये.

प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आम्ही त्या मुलाचे तळपाय चोळण्यात याहून अधिक वेळ घालविला.

फी भरण्यापूर्वी

बँकेच्या काउंटरवर बसून जे पाहिले त्यावरून पालकांना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. संस्थेची मान्यता माहितीपत्रकावर पाहू नये. ती मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडे किंवा त्याच्या अधिकृत यादीत पाहावी.

२. प्रमाणपत्र कोण देणार आणि त्यावर कोठे नोंदणी होणार, हे लेखी विचारावे.

३. कार्यशाळा किंवा प्रयोगशाळा स्वतः पाहावी. एका यंत्रामागे किती मुले आहेत ते मोजावे. निमवैद्यकीय संस्था असेल तर कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम देतात ते विचारून तेथे जाऊन यावे.

४. कर्जाला घाबरू नये. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. कौशल्य कर्ज योजना २०१५ साली आली तेव्हा मर्यादा दीड लाख होती. जुलै २०२४ मध्ये ती साडेसात लाख झाली. आणि बँकेने मान्यतेच्या कारणास्तव कर्ज नाकारले तर रागावू नये. तो फुकट मिळालेला इशारा आहे.

५. जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला दहावीच्या वर्षातच काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. त्या सवलती व शिष्यवृत्ती दाखला वेळेवर नसल्यामुळे हातच्या जातात, हे दर वर्षी दिसते.

शेवटी

आपल्या मंडळांनी गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. परंतु ९० टक्क्यांच्या मुलाला वाट दाखविणारे पुष्कळ असतात. ५५ टक्क्यांचा मुलगा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो आणि उठून निघून जातो. दहावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी एक बैठक खास त्याच्यासाठी आणि त्याच्या आई-वडिलांसाठी घ्यावी. वस्तीतील एखादा परवानाधारक वायरमन, एखादी परिचारिका, एखादा तंत्रज्ञ यांना व्यासपीठावर बसवावे. त्यांच्याकडून वर्षातून एकदा प्रथमोपचाराचा वर्ग घ्यावा. आणि यापुढे आपल्या कोणत्याही कार्यक्रमाच्या मंडपाला वीज घेताना परवानाधारक माणूस आणि आर.सी.सी.बी. असल्याशिवाय स्विच लावू नये, असा ठराव करावा. याला खर्च फारसा येत नाही.

त्या मुलाची आई अजून आमच्या वस्तीत राहते. बँकेत पेन्शन काढायला ती माझ्याच काउंटरवर येते. मी तिच्या अंगठ्याला शाई लावतो, पैसे मोजून देतो आणि दर वेळी वाटते की त्या संध्याकाळी आम्हांपैकी एकाला तरी काही येत असायला हवे होते. पुढच्या मुलाच्या वेळी ते यावे, एवढीच अपेक्षा.